उसने घेतलेले चारशे शेअर

तारीख तेवीस सप्टेंबर, वार सोमवार. रक्कम एक लाख चोवीस हजार आठशे रुपये. जागा नेकनूरचं आमचं घर, पुढची खोली. हजर माणसं चार : माझी आई, माझी बायको, माझा धाकटा भाऊ आणि मी. देवापुढं दिवा नुकताच लागला होता. भाऊ दारातच थांबला आणि एका पायातली चप्पल काढता काढता म्हणाला, "वहिनी, एका कागदावर सही पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

बायको वाती करत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कसला कागद, भाऊजी?"

"पाइपच्या कंपनीचे चारशे शेअर इकले आज."

"कुणाचे?"

"आपलेच की."

"आपले म्हणजे कुणाचे?"

दुसऱ्या पायातली चप्पल काढायला त्याला जरा वेळ लागला. "म्हणजे तसे तुमच्या नावावरचे," तो म्हणाला.

आमचं पाइप, मोटारी आणि फिटिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता आम्ही दोघं भाऊ चालवतो. ज्या कंपनीचे पाइप आम्ही विकतो तिचेच चारशे शेअर वडिलांनी फार वर्षांपूर्वी घेतले होते, आणि घेताना थोरल्या सुनेच्या नावानं घेतले होते. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ते शेअर बायकोच्या डीमॅट खात्यात पडून होते. दर ऑक्टोबरात लाभांश जमा झाल्याचा मेसेज तिच्या फोनवर यायचा, तेवढाच त्यांचा आवाज. भावाचंही खातं बीडच्या त्याच दलालाच्या ऑफिसात होतं. तिथला माणूस आम्हाला एकाच घरचे म्हणून ओळखत होता. म्हणून भावानं फोनवर "चारशे टाक" म्हटल्यावर त्यानं भावाच्या खात्यातून चारशे टाकले. भावाच्या खात्यात त्या कंपनीचा एकही शेअर नव्हता.

तो खोटेपणानं असं वागला नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. आमच्या धंद्याची एक रीत आहे, तिच्यातून हे आलं. गिऱ्हाईक पाच हॉर्सपॉवरची मोटार मागतं, आमच्याकडं शिल्लक नसते, तर पोरगं पाठवून समोरच्या दुकानातून आणायची, गिऱ्हाइकाला विकायची आणि आपली गाडी आली की तसलीच मोटार समोर नेऊन द्यायची. समोरच्याला नसली की तो आमची नेतो. यात पैसे नसतात, सही नसते, कित्येकदा विचारणंसुद्धा नसतं. मोटार उचलून न्यायची आणि जाता जाता ओरडून सांगायचं. लहानपणापासून भावानं हे पाहिलेलं. जवळ नसलेला माल आधी विकायचा आणि नंतर आणून भरायचा, हा त्याच्या दृष्टीनं रोजचा व्यवहार होता. फरक एवढाच की मोटारीचा भाव आठवड्यात बदलत नाही.

विकण्याचं कारण त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. यंदा पाऊस चांगला होता, विहिरी भरल्या होत्या, नवीन बोअर कुणी घेत नव्हतं. दुकानात पाइपचे गठ्ठे जसेच्या तसे उभे होते.

"आपल्याकडं पाइप हालंना, दादा. मग कंपनीचं काय हालनार? तीनशे बाराला इकले. दिवाळीपर्यंत दोनशे ऐंशीला येतेत बघ. तवा घ्यायचे, वहिनीच्या खात्यात भरायचे. मधले बारा-तेरा हजार सुटतेत."

"आणि मला कधी सांगणार होतात?" बायकोनं विचारलं.

"सुटल्यावर."

आई हसली. मी हसलो नाही, कारण बारा-तेरा हजार हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक होतं. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला, त्याच्या सासुरवाडीच्या गावात, बाजाराच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा होता. मालक निवृत्त मास्तर. अनामत दीड लाख, आणि दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पैसे मिळाले तरच गाळा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. आम्ही दोघं भाऊ दुकानातून दरमहा सारखीच उचल घेतो. त्यातून साठवून त्यानं एक लाख चाळीस हजार जमवले होते. मी मागूनही त्यानं हिशेब सांगितला नव्हता, पण त्याची बायको माझ्या बायकोला सांगायची आणि माझी बायको मला. त्याला दहा हजार कमी पडत होते, आणि ते त्याला माझ्याकडं मागायचे नव्हते. तेवढ्यासाठी हा सगळा उद्योग होता. चाळिशीच्या माणसाला थोरल्या भावाच्या गल्ल्यात हात न घालता एक दुकान उघडायचं होतं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आता सही इतक्या घाईनं का, तेही त्यानं सांगितलं. बाजार बंद झाल्यावर बीडहून फोन आला होता. तो फोन भावानं पुन्हा लावून माझ्या हातात दिला.

"भाऊ, घरातलंच हाय म्हणून मी टाकला सौदा," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण शेअर तुमच्या भावाच्या खात्यातूनच जायला पाहिजेत. वहिनीच्या खात्यातून सरळ चालत न्हाई. आधी वहिनींनी स्लिपवर सही करून त्याच्या खात्यात टाकायचे, मग पुढं. उद्या सकाळी साडेनवाच्या आत."

"नाही आले तर?"

"तर उद्या ऑक्शन. ज्यानं घेतलेत त्याला तर शेअर द्यावेच लागतेत. मग एक्सचेंज बाजारातून मिळतील त्या भावानं घेतंय आणि बिल तुमच्या भावाच्या नावावर. वीस टक्क्यांपर्यंत चढा भाव लागतो, भाऊ. वर दंड."

"तो उद्या सकाळी बाजारातून विकत घेऊन देईल की."

"उद्या घेतलेले परवा येतेत. उपयोग न्हाई."

मी कॅल्क्युलेटर घेतला. एक लाख चोवीस हजार आठशेचे वीस टक्के चोवीस हजार नऊशे साठ. मी आकडा मोठ्यानं वाचला. भाऊ पाटावर बसला.

"स्लिपचं बुक कपाटात आहे," बायको उठत म्हणाली. "आणते."

"बस खाली," आई म्हणाली.

आईचा एक नियम आहे. दिवे लागल्यावर घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही. मीठ नाही, दही नाही, सुई नाही, पैसे तर नाहीच नाही. आम्ही लहान असताना शेजारीण विरजण मागायला आली तरी आई दारातूनच "सकाळी या" म्हणायची. आमच्या दुकानात संध्याकाळी सहानंतर उधारी बंद असायची ती वडिलांमुळं नाही, आईमुळं.

"आई, शेअर म्हणजे काय दही हाय का?" भाऊ म्हणाला.

"घराबाहेर चाललंय का न्हाई?"

"चाललंय."

"परत येनार हाय का?"

"येनार."

"मग उसनंच हाय ते. सकाळी घे."

"अगं पन सकाळी उशीर झाला तर पंचवीस हजाराला खड्डा!"

"बारक्या, दिवसभर कुठं गेलतास? दिवा लागायच्या आधी यायचं व्हतं."

आईशी वाद घालून आमच्या घरात आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी भावाला म्हटलं, आपण पहाटे निघू, मोटारसायकलवर बीड जवळ आहे, साडेआठला ऑफिस उघडतं. मग बायकोनं वाती बाजूला ठेवल्या.

"सही सकाळी करते," ती म्हणाली. "पण उसनं म्हणजे कसं उसनं, ते आत्ताच ठरवू."

माझी बायको गावातल्या एका महिला बचत गटाची खजिनदार आहे. गटाचा दर महिन्याला शेकडा दोन रुपये. तिनं तोच दर सांगितला. भाव तीनशे बारा धरायचा, मूळ रक्कम एक लाख चोवीस हजार आठशे, तिचं महिन्याचं भाडं दोन हजार चारशे शहाण्णव. शेअर ती मागेल तेव्हा परत करायचे, त्या दिवशी भाव काहीही असो. आणि विकून आलेले पैसे भावानं स्वतःकडं ठेवायचे नाहीत. शेअर परत येईपर्यंत ते तिच्या खात्यात राहतील.

"वहिनी, दिराकडून व्याज?" भाऊ म्हणाला. "घरातल्या घरात?"

"घरातल्या घरात असतं तर सही कशाला लागली असती, भाऊजी?"

"समोरचा दुकानदार मोटार देतो, त्यो एक रुपया घेत न्हाई."

"मग त्याच्याकडून घ्या चारशे शेअर."

"बरं, माझे सव्वा लाख तुमच्या खात्यात राहतील, त्याचं व्याज कोण देनार?"

"ते तारण. तारणाला आमच्या गटात व्याज नसतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हिशेब बरोबर आहे म्हणून सांगितलं. खरं तर पैसे तिच्या खात्यात ठेवण्याची अट मलाच हवी होती, पण मी घातली असती तर ती थोरल्या भावाची अट झाली असती. उसन्या वस्तूचे आलेले पैसे खिशात असले की ते आपलेच वाटायला लागतात, आणि त्याच्यापुढं गाळ्याचा मालक हात पसरून उभा होता. भावानं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "ती देतीया हे लई झालं." तेव्हा त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी उजाडता उजाडता बायकोनं सही करून स्लिप दिली आणि आम्ही निघालो. सव्वाआठला बीडला ऑफिसच्या पायरीवर होतो. साडेआठला शटर वर गेलं. त्या माणसानं स्लिप तपासली, सही जुळवली, आणि म्हणाला, "आता वहिनींच्या फोनवर ओटीपी जाईल. तो टाकला की झालं."

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आई, हिला दे."

"ती पूजेला बसलीया."

आमच्या घरी सकाळची इष्टलिंग पूजा झाल्याशिवाय बायको पाणीसुद्धा पीत नाही, आणि पूजेला बसली की मधे उठत नाही, बोलत नाही. एरवी मला ते फार आवडतं. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं, आठ बेचाळीस.

"बरं, तूच बघ. तिच्या फोनवर एक आकडा आला असेल. सहा अंकी. तो वाचून सांग."

पलीकडं आई अंक मनाशी पुटपुटताना ऐकू आली.

"आई?"

"आकडा आलाय," आई म्हणाली. "सांगनार न्हाई."

"का?"

"तूच सांगितलंस. कुनीबी फोन करून आकडा मागितला तर द्यायचा न्हाई. अगदी पोराचा आवाज काढतेत म्हणलास."

"अगं, मी बोलतोय!"

"तसंच म्हणतेत ते."

भावानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "आई, म्या बारक्या! दे की आकडा!"

"दोन-दोन आवाज काढायलेत," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

ऑफिसातला माणूस टेबलावर डोकं ठेवून हसत होता. भाऊ हसत नव्हता. मी पुन्हा लावला, आईनं उचलला नाही. त्या ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. नऊ वाजून गेले. बाहेरच्या चहावाल्यानं तीन कप आणून ठेवले. भावाच्या कपावर साय धरली. नऊ दहाला बायकोचा फोन आला.

"आई म्हणतात कुणीतरी तुमचा आवाज काढून पैसे मागत होतं."

"आकडा सांग."

तिनं अंक एकेक करून शांतपणे सांगितले. दोन मिनिटांनी माणसानं स्क्रीन आमच्याकडं वळवली. चारशे शेअर भावाच्या खात्यात आले होते, आणि साडेनऊच्या आत पुढंही गेले. ऑक्शन टळलं. परतताना नेकनूरच्या अलीकडं भावानं गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला. पैसे मीच दिले. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग शिकवलंत तसंच केलं की."

दलाली आणि कर वजा जाऊन एक लाख चोवीस हजार दोनशे रुपये बुधवारी भावाच्या खात्यात आले. त्यानं त्याच दिवशी ते वहिनीच्या खात्यात टाकले. त्यानंतर भाव पडायची वाट बघायची एवढंच काम उरलं.

भाव पडला नाही. आठवड्यात तीनशे एकोणतीस झाला. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी कंपनीला पाइपची मोठी ऑर्डर मिळाली होती. आमच्या दुकानातले गठ्ठे तसेच उभे होते, त्यांना त्या ऑर्डरचं काही कळलं नव्हतं. भाऊ गिऱ्हाइकाशी एल्बो आणि टी बोलता बोलता खिशातून फोन काढून बघायचा. तीनशे अठ्ठेचाळीस. मग तीनशे सहासष्ट. सहासष्टच्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकाला एक इंचाच्या जागी दोन इंचाची कॉक दिली आणि एक इंचाचे पैसे घेतले. गिऱ्हाईक प्रामाणिक होतं, परत घेऊन आलं.

"माझे चारशे बरे आहेत ना, भाऊजी?" जेवताना बायको विचारायची.

"लई बरे हायेत. माझ्यापेक्षा बरे."

मी मनात रोज एक वजाबाकी करत होतो. सहासष्टच्या भावानं त्याला शेअर भरायला एक लाख शेहेचाळीस हजार चारशे लागले असते. म्हणजे बावीस हजारांच्या वर खोट, वहिनीचं भाडं वेगळं. गाळा हातचा जात होता. मी त्याला म्हटलं, आता घेऊन टाक. तो म्हणाला, "पडतो, दादा. एवढा चढला म्हणजे पडनारच." त्याच्या जागी मी असतो तर मीही बहुतेक तसंच म्हणालो असतो.

ऑक्टोबरच्या मध्यात बायकोनं एका सकाळी विचारलं, "दरसाल मेसेज येतो लाभांशाचा. यंदा कावून आला नाही?"

कंपनीनं शेअरला तीन रुपये दिले होते. ज्याच्या खात्यात शेअर होते त्याला ते मिळाले, आणि तो माणूस कोण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. चारशेचे बाराशे रुपये.

"ते ठरलं नव्हतं, वहिनी," भाऊ लगेच म्हणाला.

हे मात्र मला सोडवेना. मी विचारलं, "समोरून मोटार आणतोस, तिच्यासंगं कंपनीच्या स्कीमचा स्टीलचा डबा असतो. मोटार परत देताना डबा ठेवून घेतोस का?"

"न्हाई."

"मग?"

"पर डबा काय बाराशेचा नसतोय!" तो म्हणाला, पण बाराशे त्यानं मान्य केले.

दिवाळी जवळ आली. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या आधी एक गोष्ट होते. वर्षभरात शेजारीपाजारी गेलेली प्रत्येक वस्तू आई परत मागवते. शिडी, परात, पाइप पाना, पाण्याचं पिंप. लोकांना माहीत आहे, ते आपणहून आणून देतात, काहीजण फराळानंतर पुन्हा घेऊन जातात. आणि आमच्याकडं दुसऱ्याचं काही असेल तर तेही त्याच्या घरी पोचतं. लक्ष्मी येते त्या दिवशी घरचं घरी पाहिजे, एवढंच आई म्हणते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन एक नोव्हेंबरला, शुक्रवारी होतं. आधीच्या शनिवारी आई दारात बसून बोटांवर मोजत होती.

"शिडी आली. परात आली. पाना यायचाय." मग ती आत बघून म्हणाली, "आन तुझे ते चारशे?"

बायको भावाकडं बघून म्हणाली, "मागते मी. लक्ष्मीपूजनाच्या आधी माझ्या खात्यात पाहिजेत."

"वहिनी, आत्ता तीनशे चाळीसवर हाय. उतराय लागलाय. सहासष्टवरून आलाय खाली! अजून पंधरा दिवस द्या. पंधरा दिवसाचं भाडं ज्यादा घ्या, तीन रुपये शेकडा घ्या."

मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं की ती देईल. पण आई तिच्या आधी बोलली.

"शिडीवाल्यालाबी अजून रंग द्यायचा व्हता भिंतीला. त्यानं आनून दिली का न्हाई?"

"आई, शिडीचा भाव उतरत नसतोय गं!"

"मग ठरवताना ती 'मागंल तवा' म्हणली, तवा व्हय कावून म्हणलास?"

तो म्हणाला, "खरं हाय." आणि अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला ते कबूल होतं म्हणून मला बरं वाटलं. त्या क्षणी त्याच्या मनात गाळा गेला होता, हेही मला दिसत होतं.

सोमवारी अठ्ठावीस ऑक्टोबरला त्यानं बाजारातून चारशे शेअर तीनशे एकेचाळीसच्या भावानं घेतले. त्यासाठी बायकोनं त्याचे एक लाख चोवीस हजार दोनशे सकाळीच परत पाठवले, वरचे त्यानं आपल्या साठ्यातून घातले. खर्चासकट एक लाख सदतीस हजार गेले. शेअर धनत्रयोदशीला त्याच्या खात्यात आले आणि बुधवारी तीस तारखेला, या वेळी त्याच्या फोनवरच्या ओटीपीनं, बायकोच्या खात्यात परत गेले. सौद्यात खोट बारा हजार आठशे.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी भाड्याचा हिशेब मांडला. चोवीस सप्टेंबर ते तीस ऑक्टोबर, छत्तीस दिवस. दिवसाचे त्र्याऐंशी रुपये वीस पैसे. भाडं दोन हजार नऊशे पंच्याण्णव रुपये वीस पैसे, लाभांशाचे बाराशे, एकूण चार हजार एकशे पंच्याण्णव रुपये वीस पैसे.

"गटाच्या नियमानं दुसरा महिना लागला की पुरा धरतात," बायको म्हणाली.

"वहिनी!"

"धरत नाही म्हणतेय."

त्यानं तिथल्या तिथं फोनवरून पाठवले, वीस पैशांसकट. तिच्या फोनची घंटी वाजली. तिनं आकडा वाचला, आईला दाखवला आणि फोन पदराखाली ठेवला.

आता भावाकडं एक लाख तेवीस हजार चार रुपये ऐंशी पैसे उरले होते. शनिवारी पाडवा. दीड लाखाला सत्तावीस हजार कमी, पाच रुपयांचा फरक सोडला तर. सुरुवातीला दहा हजार कमी होते. तो उठला नाही. त्यानं एकदा दाराबाहेर उन्हाकडं पाहिलं, अजून चार वाजले नव्हते. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, सत्तावीस हजार पाहिजेत. दोन रुपये शेकडा. दिवा लागायच्या आधी मागतोय."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बायको मात्र हसली नाही. "कुठल्या महिन्यापर्यंत?" तिनं विचारलं.

"जानेवारी संपूस्तोर."

"तारण काय?"

"गाळ्यातला पहिला माल."

"तो तुमचा एकट्याचा नाही, इथल्या दुकानाचा आहे. उधारीवर येणार आहे."

"मग तारण न्हाई. नुसता म्या हाय."

तिनं त्या दिवशी तिच्या स्वतःच्या बचतीतून सत्तावीस हजार त्याला दिले. मी द्यायला तयार होतो, तिनं डोळ्यानं मला गप्प केलं, आणि तिचं बरोबर होतं. माझ्याकडून घेतले असते तर ते थोरल्या भावाचे पैसे झाले असते. तिच्याकडून घेतले ते कर्ज होतं, त्याच्याच तोंडून मागितलेलं, त्यानंच दर सांगितलेलं.

पुढं नोव्हेंबरात भाव तीनशे पाचपर्यंत खाली आला. म्हणजे पंधरा दिवस मिळाले असते तर त्याचे चौदा हजार चारशे वाचले असते. त्यानं हे आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "तवा लक्ष्मीपूजन झालं व्हतं का न्हाई?" झालं होतं, तो म्हणाला. विषय तिथंच संपला. बायकोच्या खात्यात ते चारशे अजून पडून आहेत. आता तिला लाभांशाचा मेसेज आला की ती भावाला पुढं पाठवते, खाली एक हसरं तोंड.

पाडव्याला सकाळी आम्ही दोघं युसूफ वडगावला गेलो. मास्तरांनी दोनदा मोजून पैसे घेतले, चहा दिला आणि किल्ली भावाच्या हातावर ठेवली. शटर गंजलेलं होतं, दोघांनी मिळून वर ढकललं. आत एक मोडकं बाक आणि पुष्कळ धूळ. भाऊ मधोमध उभा राहून चारही भिंती बघत राहिला. नंतर पहिला पाइपचा गठ्ठा मी आमच्या दुकानातून पाठवला, त्याचं बिल केलं आणि बिलावर मुदत लिहिली. त्यानं ते वाचून म्हटलं, "दादा, ह्याच्यावर व्याज न्हाई का?" मी म्हटलं, मी घाऊक व्यापारी आहे, वहिनी नाही.

भावानं एकूण दिलं ते असं. सौद्यातली खोट बारा हजार आठशे, बाजाराला. गाळ्याच्या अनामतीचे दीड लाख, मास्तरांना. शेअरच्या भाड्याचे आणि लाभांशाचे चार हजार एकशे पंच्याण्णव रुपये वीस पैसे, माझ्या बायकोला. आणि जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, सत्तावीस हजार मुद्दल आणि तीन महिन्यांचं व्याज एक हजार सहाशे वीस, मिळून अठ्ठावीस हजार सहाशे वीस रुपये, तेही माझ्या बायकोला.